देव्हाऱ्यापुढची जागा

जनावरं बोलायची आणि माणसं ऐकूनही घ्यायची, त्या काळातली गोष्ट. वेणूआक्काचा झिपऱ्या कुत्रा पिल्लू असतानाच लघवीला बाहेर जायला शिकला होता. पण ऐन जवानीत तापानं फणफणला आणि एका सकाळी त्याचा देव्हाऱ्यापुढेच पाय वर झाला. ताप उतरला, खोड मात्र राहिली. आक्का रोज जमीन पुसायची, गोमूत्र शिंपडून जागा शुद्ध करायची. झिपऱ्या पुन्हा तिथंच घाण करायचा.

"घोड्याएवढा झालास, लाज नाही वाटत?" आक्का कडाडली. "आता पाय वर केलास, तर या घरात परत पाऊल नाही!"

एवढं बोलून तिनं तांब्यातलं गोमूत्र तिथं शिंपडलं. झिपऱ्या उंबऱ्यात उभा होता. वास नाकात शिरला आणि त्याचे पाय आपसूक देव्हाऱ्याकडे ओढले गेले. आक्कानं काठी उगारली.

"मार, आक्का," झिपऱ्या कळवळला, "पण एवढं सांग. ही मुतायची जागा नाही, तर तू रोज इथं कुणाचं मूत ओततेस?"

आक्काच्या एका हातात काठी होती, दुसऱ्यात तांब्या. गोठ्यातल्या गाईनं हळूच तोंड फिरवलं.