खिंडीतला दगड

एकदा एका घाटमाथ्यावरच्या गावात नुसती धांदल उडाली होती. गावाच्या स्थापनेचा उत्सव ठरला होता. खिंडीत कमान उभी राहणार होती आणि तिच्यावर गाव वसवणाऱ्याचं नाव कोरायचं होतं. नाव शोधायचं काम एका शिष्याकडे होतं. ते सापडताच तो धावत गुरूंकडे गेला.

"बाबा, आमचेच पूर्वज निघाले. गावातलं पहिलं घर त्यांचं."

गुरू वृद्ध आणि जात्याच तिरसट. म्हणाले, "घरटं चिमणीही बांधते. कमान कुठं उठतेय?"

"खिंडीत. तो उभा दगड आडवा येतो, तो उद्या फोडायचाय. पाथरवट आलाय."

"मग आजच पायथ्याहून मिठाचं पोतं घेऊन ये. डोक्यावर."

"बाबा, आता मोटार येते की वर."

"मी तुला सांगितलं, मोटारीला नाही."

शिष्य मुकाट्यानं गेला. जुनी पायवाट म्हणजे छातीवर येणारा चढ. मान मोडून आली, पण पोतं खाली ठेवलं तर परत डोक्यावर द्यायला वाटेत कुत्रंसुद्धा नव्हतं. कसाबसा तो खिंडीत पोचला आणि समोर तोच दगड, बरोबर त्याच्या डोक्याइतका उंच. न वाकता, कुणाला हाक न मारता त्यानं पोतं अलगद त्यावर सरकवलं. मान मोकळी झाली, दरीतला वारा अंगावर आला आणि शिष्य एकटाच हसत सुटला.

गुरू तिथंच सावलीत बसले होते.

"हा कुणी उभारला, बाबा?"

"नाव कुणालाच ठाऊक नाही. मीठवाले इथं ओझं टेकायचे. टेकलेल्याला तहान लागते, म्हणून कुणी पाणपोई घातली. मग भूक लागते, म्हणून कुणी चूल मांडली. तुझ्या पूर्वजानं घर बांधलं ते गिऱ्हाईक बघून. भला माणूस होता, पण आयत्या गर्दीत आला. अरे, दुसऱ्याचं ओझं जिथं टेकतं, तिथं गाव वसतं."

दगडावरचं पोतं शिष्यानं पुन्हा डोक्यावर ओढून घेतलं आणि तसाच पाथरवटाकडे गेला.

कमान चार हात पलीकडे झाली. तिच्यावरची नावाची जागा अजून मोकळी आहे. कुणी विचारलंच, तर गावकरी दगडाकडे बोट दाखवतात. म्हणतात, "आधी ओझं टेका, पाहुणे."