ठोके कुणाचे

"...पण बाई, ठोके इतके स्वच्छ ऐकू येताहेत, मग आईचा हात कशाला धरायचा?"

विचारणारा डॉक्टर निनाद खरोटे. पदक मिळवून आलेला, आणि ते पदक अजून गळ्यातून उतरायचं होतं. बाई म्हणजे देवस्थळी डॉक्टरीण, तालुक्याच्या प्रसूतिगृहातल्या सर्वांत थोरल्या. बाळाचे ठोके ऐकताना आईचं मनगट धरायचंच, हा त्यांचा दंडक. निनादला तो जुन्या माणसांचा सोपस्कार वाटे.

खाटेवर सारजा कळा सोसत होती. अंगात ताप होता. मागच्या खेपेला तिचं बाळ पोटातच गेलेलं, कुणाला कळायच्या आत. तिची नजर निनादच्या तोंडावरून हलत नव्हती.

"सायेब, बरं हाय ना माझं लेकरू?"

"एकदम झकास! ऐका की तुम्हीच." त्याने पोटावर धरलेल्या छोट्या यंत्राचा आवाज वाढवला. भराभर, एकसारखे ठोके. सारजाला रडू फुटलं, आनंदाचं.

बाई मात्र हसल्या नाहीत.

"कुणाचे आहेत?"

"काय, कुणाचे?"

"ठोके रे."

"अहो बाई, पोटावर यंत्र ठेवलंय! बाळाचेच असणार, शेजाऱ्याचे थोडेच..."

बाईंनी त्याचा हात धरला आणि सारजाच्या मनगटावर ठेवला.

एक ठोका बोटाखाली. तोच कानात. दुसरा... तोही. तिसरा...

तापाने आणि कळांनी सारजाची स्वतःचीच नाडी बाळासारखी धावत होती. यंत्र मघापासून तिचेच ठोके ऐकवत होतं.

मग बाळ...?

"काय झालं, सायेब?"

त्याने यंत्र खाली सरकवलं, मग उजवीकडे. नुसती खरखर. डावीकडे... खरखर. अरे देवा, लाग रे, लाग! परीक्षेला कधी न घाबरलेला हा गडी घामाने निथळत होता.

आणि मग लागला. एक ठोका... बऱ्याच वेळाने दुसरा. कळ ओसरली, तरी वेग चढेना.

"आहे, बाई... पण फार हळू. फारच हळू..."

बाईंनी सारजाला कुशीवर वळवलं. "बाळ दमलंय गं पोरी. आत्ताच बाहेर काढू या त्याला. मी आहे इथे." आणि निनादकडे वळून, "ऑपरेशनची तयारी कर. पळ!"

तो धावत सुटला.

बाळ बाहेर आलं ते निळसर, गप्प. बाई टाके घालत राहिल्या. निनाद त्या इवल्याशा तोंडावर हवेची पिशवी दाबत राहिला. रड ना रे बाबा... रड की!

शेवटी रडलं. मांजराच्या पिल्लाएवढा आवाज, पण रडलं.

नंतर बाहेरच्या बाकावर दोघं बसली.

"बाई, मी तिला झकास म्हणालो होतो..."

"हं."

"मला ठोके ऐकायचीच धास्ती बसलीय आता. काही दिवस मला या कामातून मोकळं करा. हात जोडतो."

पलीकडच्या खोलीतून कळा सोसणाऱ्या दुसऱ्या एका पोरीचं कण्हणं आलं. बाईंनी खिशातलं ठोके ऐकायचं यंत्र काढून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"धास्ती बसलीय ना? मग हिच्या बाळाचे तूच ऐक."