तळहातावरची रांगोळी

मुलांनो, आणि मुलांमागे बसून कान देणाऱ्या थोरांनो, ही गोष्ट इतकी जुनी आहे की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही.

त्या राजाच्या एका गावात तळ्याचा बांध फुटला आणि उभी पिकं वाहून गेली. सगळ्यांनी राखणदार तुळाजीकडे बोट दाखवलं. पण खरा बांध फोडला होता केरबा नावाच्या शेतकऱ्याने. चोरून शेताला पाणी घ्यायला त्याने बांधाला छोटी वाट पाडली. पाण्याने ती मोठी केली.

त्या गावात शपथ मिठावर घेत. प्रत्येकाने घरून चिमूटभर मीठ आणायचं, देवळापुढच्या रांजणात टाकायचं आणि म्हणायचं, "मी खोटा असेन तर या मिठासारखा विरघळून जाईन." मग तेच पाणी सगळ्यांनी घोटभर प्यायचं. शपथेआधीच गुन्हा कबूल करणाऱ्याने बांध बांधून द्यावा नि गावात राहावं. खोटी शपथ घेणाऱ्याने मात्र गाव सोडावं. आणि कुणीच सापडलं नाही, तर या खेपेला राखणदार म्हणून तुळाजीने गाव सोडावं.

केरबाची पाचावर धारण बसली. खरंच विरघळलो तर? आधी बोटं जातील, मग हात, मग तोंड! मग त्याला युक्ती सुचली. जे विरघळतच नाही तेच टाकलं तर? बायकोच्या डब्यातली चिमूटभर रांगोळी त्याने मुठीत धरली. दिसायला अगदी मीठ. शहाणाच म्हणायचा की!

त्याने खड्या आवाजात शपथ घेतली. सगळ्यांच्या शपथा झाल्यावर रांजणातलं पाणी ढवळलं गेलं. एकेक जण पाणी पिऊ लागला आणि पाणी खाली खाली जाऊ लागलं. केरबाची नजर रांजणाच्या तळावरून हटेना.

शेवटचा घोट गावातल्या सर्वांत वडील मोठीआईचा. तिच्या दाताखाली कचकन काहीतरी आलं.

"अगं बाई! मीठ इतकं ढवळल्यावर दाताखाली येतं होय?" तिने रांजण तिरका केला. तळाशी पांढरा थर. "परात आणा. स्वच्छ पाणी भरा. सगळ्यांनी मीठ आणलेला हात त्यात बुडवा."

सगळे रांगेला लागले. केरबाने धोतराला हात घासला. पण भीतीने तळवा घामेजला होता. रांगोळी रेषांत चिकटून बसली होती. त्याच्या पुढे तुळाजी होता. त्याने हात बुडवला, पाणी नितळच राहिलं.

केरबाचा हात पाण्यात गेला आणि परातीच्या तळाशी पांढरी रेघ बसली. सगळे त्या रेघेकडे पाहत राहिले. तेच त्याला सोसवेना.

"मोठीआई, खरं मीठ टाकलं असतं तर मी विरघळून मेलो असतो गं!" तो गुडघ्यांवर कोसळला.

"अरे वेड्या, मीठ विरघळलं तरी पाण्यातच राहतं. खरं बोलला असतास तर तूही आमच्यातच राहिला असतास." म्हातारीचे डोळे भरून आले. पण रीत ती रीत.

दिवस मावळायच्या आत केरबा बायकापोरांसह वेशीबाहेर पडला. सामानात रांगोळीचा डबा तेवढा नव्हता. तो बायकोने विहिरीत फेकला होता.

तात्पर्य: खरं सांगणारा माणसांत मिसळून राहतो, खोटं कितीही ढवळलं तरी तळाशी बसतंच.