डोरानचा वाटा

"पण हा डोरान होता तरी कोण, माई?"

"माहीत नाही," क्रोनामाई म्हणाल्या आणि सातूच्या भाकरीचा तिसरा तुकडा बाजूला काढून ठेवला.

तरुण जोगीण लासरच्या कपाळाला आठी पडली. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, समुद्रकाठी हा एवढासा मठ. किलडोरान, म्हणजे डोरानचा मठ. बाकीच्या जोगिणी एकेक करून निघून गेल्या. उरल्या या दोघी. तरी रोज संध्याकाळी माई दारात उभ्या राहायच्या, हातातली घंटा वाजवायच्या आणि रिकाम्या माळाकडे बघून म्हणायच्या, "डोरान, जेवायला ये."

कोणी यायचं नाही. सकाळी त्याचा वाटा पाखरं खायची.

आज चुलीपाशी म्हातारा राजा फेलान येऊन बसला होता. एकटाच. छपरातून त्याच्या खांद्यावर पाणी ठिबकत होतं.

"नवं छप्पर घालून देतो. गाई देतो," तो म्हणाला. "मठाला फक्त माझं नाव द्या. मुलगे लढाईत गेले. माझ्यामागे नाव घेणारं कोणी नाही."

माईंना खोकल्याची उबळ आली.

"हो म्हणा," लासर राजासमोरच बोलली. "या खोकल्यात हिवाळा निघेल का तुमचा? ज्याला कोणी पाहिलं नाही त्याच्यापायी तुम्ही मरणार. मग इथे एकटीनं मी कोणाला हाका मारायच्या?"

माई राजाकडे वळल्या.

"तुम्हाला नावानं कोण हाक मारतं?"

"सगळे महाराज म्हणतात."

"नावानं?"



"राणी होती तोवर ती हाक मारायची."

"बाहेर जाऊन उभे राहा," माई म्हणाल्या.

राजा उठला. बाहेर गेला.

गेलं छप्पर, लासरच्या मनात आलं. गेल्या गाई. या म्हाताऱ्यांशी बोलण्यात अर्थच नाही. तिनं रागानं चुलीत लाकूड सारलं.

माईंनी आपल्या वाटणीचा तुकडा मोडून त्याचे दोन केले. घंटा घेऊन त्या दारात गेल्या. बाहेर वाऱ्यात राजा समुद्राकडे तोंड करून उभा होता.

घंटा वाजली.

"डोरान, जेवायला ये."

माळावर कोणी हललं नाही. माई नेहमीसारख्या थोडा वेळ थांबल्या...

मग त्यांनी पुन्हा घंटा वाजवली.

"फेलान, तूही ये."