साळूचा घोगऱ्या आवाजाचा वाटाड्या

सागाच्या एका जंगलात एक म्हातारे अस्वल राहत असे. मुळ्या, साली आणि मध यांची त्याला उत्तम पारख होती, म्हणून सगळे त्याला वैद्यबुवा म्हणत. मुलांनो, तुम्ही विचाराल की जंगलात मोबाइल कुठून आले? ते मलाही नीटसे ठाऊक नाही. पण आले खरे, आणि एकदा आल्यावर खारीपासून गव्यापर्यंत प्रत्येकाच्या गळ्यात एकेक लोंबू लागला. त्यात वाट दाखवणारी निरनिराळी ॲप होती. कुणाचे ॲप चांगले, यावर पाणवठ्यावर रोज वाद रंगत.

आश्विनातल्या एका सकाळी वैद्यबुवांचा फोन वाजला. डोंगरापलीकडच्या बांबूच्या बनातून एक हरिणी बोलत होती. ती पावसाळ्यात नवीनच तिकडे राहायला गेली होती.

"वैद्यबुवा, माझ्या पाडसानं कसली तरी लाल फळं खाल्ली हो! जीभ सुजलीय, घसा सुजत चाललाय. सकाळपासून दुधाचा एक थेंब आत गेला नाही. काहीतरी करा!"

"घाबरू नकोस. त्याला सावलीत निजव, मान उंच ठेव. दुपार टळायच्या आत औषध पोचवतो," वैद्यबुवा म्हणाले. आणखी काही विचारणार, तोच फोन तुटला.

वैद्यबुवांनी भराभर मुळी कुटली, तिच्या तीन पुड्या पळसाच्या पानांत बांधल्या आणि दारात जमलेल्या मंडळींकडे पाहिले. "माझा गुडघा धरलाय. मला तो घाट चढवणार नाही. शिवाय वर्षभरात मी तिकडे फिरकलेलो नाही, पावसाळ्यानंतर वाटा कशा आहेत देव जाणे. कोण जाईल?"

"मी!" कोल्हा पुढे झाला. त्याचा फोन नवाकोरा होता आणि तो दिवसातून चार वेळा शेपटीने पुसला जाई. "माझ्याकडे 'झपाटा' आहे. जंगलात याच्याइतकं वेगवान दुसरं काही नाही. बघा, सव्वा तासाचीच वाट दाखवतोय!"

फोनमधून खणखणीत आवाज आला, "सरळ चला. आपण सर्वात जलद मार्गावर आहात."

"माझं 'रानसोबती' त्याहून छान आहे," फांदीवरून माकड म्हणाले. "वाटेत फळझाडं कुठे, पाणी कुठे, फोटोला जागा कुठे, सगळं दाखवतं. आवाजसुद्धा बदलता येतो. कोकिळेचा लावू की मैनेचा?"

तेवढ्यात मागून काटे खुळखुळले. एक साळू पुढे आली. तिच्या फोनची काच तडकलेली होती. "माझ्याकडे 'पाऊलखूण' आहे, वैद्यबुवा. तो साडेतीन तास सांगतोय."

तिच्या फोनमधून बेडकासारखा घोगरा आवाज आला, "नकाशा उतरवून ठेवला आहे. रेंज नसली तरी चालेल."

सगळे खो खो हसले. कोल्हा म्हणाला, "साळूबाई, तुम्ही पोचेपर्यंत मी जाऊन, औषध देऊन, परत येऊन, जेवून झोपलेलोही असेन!"

वैद्यबुवा मात्र हसले नाहीत. त्यांनी तिघांच्या गळ्यात एकेक पुडी बांधली. "तिघेही जा. ज्याला जी वाट पटेल ती धरा. एक पुडी हरवली तर दुसरी पोचेल. त्या पाडसाचा जीव धोक्यात आहे, एवढं विसरू नका."

कोल्हा वाऱ्यासारखा पसार झाला. माकड आणि साळूची वाट बरीच अंतर एकच होती, म्हणून ती दोघे बरोबर निघाली. माकडाची करमणूक चालूच होती. कोकिळेच्या आवाजातला फोन सारखा सांगत होता, "डावीकडे पिकलेली सीताफळे! उजवीकडे सुंदर देखावा!" माकड डावीकडे उडी मारी, उजवीकडे फोटो काढी. साळूला दर खेपेस थांबून हाका माराव्या लागत.

"अरे, पाडस आजारी आहे ना!"

"आलोच! एवढंच एक सीताफळ!"

तिसऱ्या सीताफळाला कोकिळेचा आवाज मध्येच बसला. फोन काळा पडला. एवढी चित्रे, एवढे आवाज आणि एवढे फोटो यांत त्याची बॅटरी केव्हाच संपली होती.

माकडाने फोन हलवला, काखेला पुसला, झाडावर हळूच आपटूनही पाहिला. मग ते ओशाळून म्हणाले, "साळूताई, मी तुझ्याबरोबर आलो तर चालेल का? मला इथून पुढची वाटच माहीत नाही."

"चल की. पण आता झाडावर चढायचं नाही."

चालता चालता माकडाने विचारले, "एक सांग, इतकी देखणी ॲप असताना तू हे घोगरं का निवडलंस?"

"मीही आधी देखणीच आणली होती," साळू म्हणाली. "झपाटा महिनाभर वापरला, रानसोबती दोन आठवडे. मग एक दिवस मी तिन्ही ॲपना माझ्या मावशीच्या बिळाची वाट विचारली. ती वाट मला डोळे मिटून येते. झपाट्यानं मला करवंदीच्या जाळीतून आरपार जायला सांगितलं. रानसोबतीनं मावशीच्या बिळाच्या जागी बोरांचं दुकान दाखवलं."

माकड हसू लागले. "आणि या घोगऱ्यानं?"

"यानं बिळाच्या अलीकडच्या वडापर्यंत नेलं आणि म्हणाला, पुढचं मला माहीत नाही, तुम्हीच बघा. मावशीचं बीळ तिथून दहा पावलांवर होतं."

"म्हणजे तोही चुकलाच की!"

"कमी पडला, पण थाप नाही मारली," साळू म्हणाली आणि पुढे चालू लागली.

डोंगर चढायला लागल्यावर रेंज गेली. घोगऱ्या आवाजाला त्याचे काही नव्हते. तो आपला सांगत होता, "मोहाच्या झाडापासून वळा. पुढे घसरण आहे, सांभाळून." सूर्य डोक्यावर आला. खालून ओढ्याची खळखळ ऐकू येऊ लागली आणि फोन म्हणाला, "पुढच्या ओढ्यावर ओंडक्याचा पूल आहे. ही माहिती वैशाखातली आहे. आता तो पूल आहे की नाही, मला माहीत नाही. जवळ कोणी असेल तर विचारून घ्या."

माकडाने कपाळावर हात मारला. "हा कसला वाटाड्या! यालाच माहीत नाही, आणि विचारायचं आपण? चल, सरळ उतरू. पूल असेलच."

खाली उतरायला अर्धा तास आणि पूल नसला तर परत चढायला एक तास लागला असता. साळूने आजूबाजूला पाहिले. कड्यावरून ओढ्याकडे झुकलेल्या एका फांदीवर निळा खंड्या मासा गिळत बसला होता.

"खंड्यादादा, खालचा ओंडका आहे का हो जागेवर?"

"कुठला ओंडका? तो?" खंड्याने मासा घशाखाली ढकलला. "तो भाद्रपदातच वाहून गेला. काल दोन रानडुकरं तिथपर्यंत उतरली नि शिव्या देत परत आली. तुम्ही खाली जाऊच नका. याच कड्यानं वरच्या अंगाला जा. दोन उंबर जोडीनं उभे दिसतील. तिथे पाण्यात दगडांची ओळ आहे. तुमचे काटेसुद्धा भिजायचे नाहीत."

खंड्याने सांगितले तसेच निघाले. दोन उंबर सापडले, दगडांची ओळ सापडली. पाण्याचा एक थेंबही न लागता दोघे पलीकडे गेली आणि चढ चढून खिंडीत पोचली. समोरच्या उतारावर बांबूचे हिरवेगार बन डोलत होते. माकडाने आनंदाने कोलांटी मारली.

तेवढ्यात खालून आवाज आला, "वाचवा! कोणी आहे का रे!"

खिंडीखाली एक मोठे तळे चमकत होते. काठच्या चिखलात एक लाल डोके दिसत होते. ते डोके कोल्ह्याचे होते. मान तेवढी वर, बाकी सगळा कोल्हा चिखलात! त्याच्या गळ्यातला फोन मात्र चिखलातूनही बजावत होता, "नव्वद पावले सरळ चला. आपण सर्वात जलद मार्गावर आहात."

साळू क्षणभर थांबली. सूर्य कलू लागला होता. बनात पाडस होते, खाली कोल्हा होता, आणि तिला पाय चारच होते. मग तिने आपल्या गळ्यातली पुडीही सोडली आणि माकडाच्या गळ्यात बांधली.

"तू जा. झाडावरून गेलास तर पंधरा मिनिटांत पोचशील."

माकड गडबडले. "मी? एकटा? आणि वाट चुकलो तर? माझा फोन तर बंद आहे!"

"फोन कशाला हवा? बन समोर दिसतंय. डोळे तिकडेच ठेव. सीताफळं आली तर?"

"थांबणार नाही," माकड म्हणाले. ते पुड्या घट्ट धरून फांद्यांवरून निघाले, आणि मुलांनो, खरेच कुठे थांबले नाही. वाटेत पिकलेल्या सीताफळांची सात झाडे लागली. माकडाने एकाकडेही पाहिले नाही.

इकडे साळू तळ्याकाठी उतरली. तिने आपल्या धारदार दातांनी एक जाड वेल कुरतडून तोडली, तिचे एक टोक झाडाला दोन वेढे देऊन अडकवले आणि दुसरे कोल्ह्याकडे फेकले.

"दातांत धर. आणि आता बोलू नकोस, नाहीतर सुटेल!"

कोल्ह्याच्या आयुष्यात इतका वेळ गप्प राहण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. साळू ओढत राहिली, पाय रोवून, काटे फुलवून. शेवटी फळकन आवाज झाला आणि चिखलाचा एक गोळा काठावर येऊन पडला. तो गोळा दोनदा शिंकला, तेव्हा तो कोल्हा असल्याचे कळले.

"इथे तर पायवाट होती," तो धापा टाकत म्हणाला. "झपाट्यात अजूनही आहे, बघ!"

"उन्हाळ्यात असेल. मग कुणीतरी नाल्यावर बांध घातला असणार, पावसाळ्यात तळं भरलं. पण इतकं मोठं पाणी तुला दिसलं नाही?"

कोल्ह्याने मान खाली घातली. "दिसलं गं. पण तो इतक्या ठामपणे सांगत होता... मला वाटलं, पाणी उथळ असेल. मला वाटलं, माझीच नजर चुकत असेल."

"आणि तुझी पुडी?"

"तळ्यानं प्यायली," कोल्हा पुटपुटला.

दोघे बनात पोचली तेव्हा माकड दारातच बसले होते. त्याने तोंडावर बोट ठेवले. आत हरिणी पाडसाला चाटत होती. औषध वेळेवर पोटात गेले होते. सूज उतरू लागली होती आणि पाडस शांत निजले होते. सांज व्हायच्या आधी ते उठले, लटपटत आईजवळ गेले आणि चुटूचुटू दूध पिऊ लागले. हरिणीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. माकडालाही रडू आले. मग ते लाजले आणि उगाचच खोकले.

कोल्हा मात्र कोपऱ्यात सुकलेला चिखल खरवडत बसला होता. हरिणीने त्यालाही पाणी दिले. "तुम्हीही आमच्यासाठीच निघाला होतात ना," ती म्हणाली. ते ऐकून कोल्हा आपल्या अंगावरून पडलेला चिखल शेपटीने गोळा करू लागला.

दुसऱ्या दिवशी तिघे परतले. वैद्यबुवांनी सगळी हकीगत ऐकली आणि ते साळूला म्हणाले, "म्हणजे शेवटी तुझंच ॲप सर्वात चांगलं निघालं!"

"सर्वात वेगवान नाही, वैद्यबुवा, आणि सर्वात देखणं तर नाहीच," साळू म्हणाली. "पण त्याला कुठवर माहीत आहे, ते त्याला माहीत आहे. पुढचं आपण बघायचं, विचारायचं."

कोल्हा हळूच साळूजवळ सरकला. "ते घोगरं ॲप... माझ्या फोनमध्येही घालून देतेस का?"

साळूने घालून दिले. ॲप उघडताच आवाज आला, "नमस्कार. आपल्याला कुठे काही बदल दिसला असल्यास कळवा. मागून येणाऱ्यांना उपयोग होईल."

कोल्ह्याने इकडेतिकडे पाहिले. एरवी त्याने तिथे काहीतरी बढाई मारली असती. पण त्याने जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर जुळवत लिहिले : 'खिंडीखालची पायवाट बुडाली आहे. इथे आता तळे आहे. खोल आहे. मी स्वतः आत जाऊन पाहिले आहे. आपला, कोल्हा.'

वैद्यबुवा ते वाचून पोट धरून हसले. आणि सांगायला आनंद वाटतो, की त्या दिवसापासून त्या चिखलात कोणीही रुतले नाही.

तात्पर्य : सगळे ठाऊक असल्यासारखा ठामपणे बोलणारा वाटाड्या निवडू नये, जो आपले अज्ञान मोकळेपणाने कबूल करतो, त्यावर विश्वास ठेवावा, आणि तरीही आपले डोळे उघडे ठेवावेत.