राजाची ओंजळ

"आठ ओंजळी म्हणजे एक पायली, हे ठीक," भिवरगडचा राजा रणधवल म्हणाला. "पण ओंजळ कुणाची? राज्य माझं, तर ओंजळही माझीच!"

झालं! जुनी मापं बाद झाली. बाजारात धान्य मोजून देणाऱ्या सटवाजी मापाऱ्याला हुकूम सुटला, राजाच्या ओंजळीची पायली कोरून आण.

सटवाजीने राजाचे हात दुरून नीट न्याहाळले आणि घरी येऊन शिसवाची पायली कोरली. शेतसाऱ्याचं धान्य येत होतं, त्या दिवशी राजाने ती तपासायला घेतली. शेतकऱ्याच्या राशीतून त्याने आठ ओंजळी जोंधळा तिच्यात टाकला. पायली भरली, वाहिली, आणि राजाच्या जोड्यांतही जोंधळा शिरला.

"लहान आहे," राजा म्हणाला.

सटवाजीने सांडलेला जोंधळाही मावेल एवढी दुसरी पायली कोरली. या खेपेला चाकरांना शिधा वाटणं चाललं होतं. राजाने आपल्या कोठारातून आठ ओंजळी काढून तिच्यात टाकल्या. पायली निम्मीच भरली.

"आता मोठी झाली! सटवाजी, तुझे हात गेले की डोळे? उद्याच्या बाजारात माझ्या ओंजळीशी जुळणारी पायली दिसली पाहिजे. नाहीतर मापाचं वतन गेलं, आणि गावही सोडायचं."

सटवाजी घरी आला आणि दोन्ही पायल्या पुढ्यात घेऊन बसला. ताटातली भाकरी वाळून गेली. त्याची लेक हौसा मात्र पोटभर जेवत होती. दोन्ही खेपांना पायली डोक्यावरून नेली होती ती तिनेच.

"बाबा, तुम्ही पायलीकडं बघत होता. मी महाराजांच्या बोटांकडं बघत होते."

"मग काय दिसलं?"

"उद्या सांगते. आधी भाकरी खा. गाव सोडायचं तर उपाशी कशाला सोडायचं?"

दुसऱ्या दिवशी बाजार भरला. राजा-राणी येऊन बसली.

"नवी पायली कुठाय?" राजाने विचारलं.

"नवी नाही, महाराज. याच दोन आणल्यात," हौसा म्हणाली आणि तिने पहिली पायली पुढे ठेवली. "फक्त आज जोंधळा शेतकऱ्याचा नको आणि चाकरांसाठीही नको. रास तुमच्या कोठारातली. पायलीत पडेल तोही परत तुमच्याच कोठारात जाईल."

"एवढंच ना?" म्हणत राजाने राशीत हात घातले.

आपण घेतोय, म्हणून बोटं फाकली. पण देतोयही आपणच, म्हणून लगेच आवळली. आवळली तर घेणाऱ्याला कमी पडणार, आणि घेणाराही आपणच! बोटं पुन्हा फाकली. राणी पदराआड हसू लागली.

"काय झालं, महाराज?" हौसाने विचारलं.

"काही नाही. जरा वात आलाय हाताला."

शेवटी ते हात कंटाळले. ना फाकलेले, ना आवळलेले, चारचौघांचे असतात तसे झाले. राजा मुकाट्याने ओंजळी टाकत गेला. आठव्या ओंजळीला पायली काठोकाठ भरली. खाली दाणा पडला नाही.

राजा पायलीकडे बघत राहिला. "हीच त्या दिवशी लहान होती ना?"

"पायली तेवढीच होती, महाराज. घेताना तुमची ओंजळ सुपाएवढी होते आणि देताना पळीएवढी."

सटवाजीने डोळे मिटून घेतले.

"तुमचीच नव्हे, माझीही तशीच होते," हौसा शांतपणे म्हणाली. "म्हणून तर कुणा शहाण्यानं पहिल्यांदा लाकडाची पायली केली असेल. लाकडाला आपलं-परकं कळत नाही, महाराज."

राजा आधी आपल्या हातांकडे बघून हसला, मग हसता हसता त्याचं पोट हलू लागलं. "वतन तुझ्या बापाचं कायम! आणि पोरी, तुला ओंजळभर मोती!" त्याने मोत्यांची पेटी मागवून तिच्यात हात घातले.

हौसाने चटकन दुसरी पायली पुढे सरकवली. "ओंजळ नको, महाराज. ही तुमच्या घेणाऱ्या हाताच्या मापाची आहे. बक्षिसाला हीच बरी."

राजा असा हसला, की त्याचा फेटा कलला. त्याने सगळी पेटीच पायलीत उपडी केली. वर मोत्यांची चांगली उंच शीग चढली. सवयीने सटवाजी पुढे झाला आणि शीग सपाट करायला त्याने पायलीच्या काठावर तळवा टेकला.

"अरे, राहू दे!" राजाने त्याचा हात धरला. "शीगही तिचीच."