स्प्रिंगटेलच्या पाठीवरचे केस

“...म्हणून विचारतो बाई, ही प्रजाती नवी धरायची की तुमचीच?”

ओजसने प्रश्न विचारला खरा, पण उत्तर तो खिशात घालूनच आला होता. बाईंची फक्त मान हलायची बाकी होती.

नाडकर्णी बाई निवृत्त होऊन सावंतवाडीला राहत. जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप आणि शेजारी लोणच्याची बरणी, एवढाच त्यांचा संसार. ओजस त्यांचा शेवटचा विद्यार्थी, नाकावर माशी बसू न देणारा. पाच वर्षं देवरायांतला पाचोळा चाळून त्याने स्प्रिंगटेल गोळा केले होते. मोहरीच्या दाण्याएवढे जीव, पोटाखालचं बेचकं आपटून टुणकन उडणारे.

एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, इतके ते सारखे. फरक असतो पाठीवरच्या केसांत. सगळीकडे सापडणाऱ्या प्रजातीला एका बाजूला पाच. बाईंनी तरुणपणी चार केसांची शोधली, तिला नाव दिलं आणि त्या नावाने स्वतःही ओळखल्या जाऊ लागल्या. ओजसच्या हाती तीन केसांची लागली होती. त्याचा अख्खा प्रबंध तिच्यावर उभा होता.

“मोजलेस?”

“शंभरदा.”

“कुठून?”

“डावीकडून. तुम्हीच शिकवलंत ना? दोन्ही बाजू सारख्या असतात. एकच मोजायची, चित्रही एकाच बाजूचं काढायचं.”

“हो... मीच शिकवलं.”

बाई उठल्या. कपाटातून मलमलीत गुंडाळलेली एक काच आणली. त्यांच्या प्रजातीची ही पहिली स्लाइड. ओजसने तिचं चित्रच तेवढं पाहिलं होतं. त्याने हात पँटला पुसले.

“बघ.”

त्याने पाहिलं. डावीकडे चार केस.

“चार. बरोबर आहे.”

बाईंनी नखाने काच किंचित सरकवली.

उजवीकडे पाच.

त्याने पुन्हा मोजले. कचरा असेल, असं वाटलं. पण कचऱ्याला मूळ नसतं, आणि इथे प्रत्येक केस आपापल्या खळग्यात नीट रुजलेला होता. जीव एकच. या अंगाने बाईंची प्रजाती, त्या अंगाने जुनी.

“बाई... कधी कळलं?”

“गेल्या आठवड्यात. सवड होती म्हणून उजवीकडे गेले.”

“कुणाला बोलला नाहीत ना?”

“माझी प्रजाती मागे घेतली. काल जर्नलला कळवलं तसं.”

आवाज वरणभाताबद्दल बोलावं इतका साधा होता. ओजसने पिशवीतून आपली स्लाइड काढून पुढे केली.

“आणि... माझी?”

बाईंनी त्याची स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली. स्वतः पाहिलं नाही. खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

तो बसला. जळवांनी सुजलेले पाय त्याला आठवले. लेक डॉक्टर होणार म्हणून आत्ताच गावभर सांगत फिरणारे बाबा आठवले. भिंगाखालची काच टेबलाच्या कडेपासून वीतभर आत होती. हात लागून पडली असं म्हणता आलं असतं... बाईंनी विश्वासही ठेवला असता. त्या विचाराची त्याला लाज वाटली, आणि तरी तो विचार जाईना.

तो भिंगावर वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

“बाई, काहीच दिसत नाहीये. डोळ्यांत पाणी येतंय.”

बाईंच्या स्लाइडची मलमल टेबलावर रिकामी पडली होती. ती उचलून त्यांनी त्याच्या हातात दिली.

“डोळे पूस. आणि उजवीकडून मोज.”